डावं पान, उजवं पान

"सर, तुमच्या पुस्तकांतल्या कविता तुम्हीच लिहिल्या, का दुसऱ्या कुणी?"

प्रश्न माझा नव्हता, सुकेशनीचा होता. सकाळपासून ती आणि मागच्या बाकावरच्या दोघीतिघी मला टोचत होत्या. "लई हिंमतवाली झालीस ना आता? मग विचारून दाखव. नाय विचारलंस तर भूगोलाचे माझे सगळे नकाशे तूच भरायचे." सुकेशनीचे मामा ग्रंथालयात आहेत. त्यांचं म्हणणं असं की रामप्रसाद सरांच्या प्रवासवर्णनांत गद्य एका माणसाचं वाटतं आणि मधल्या कविता दुसऱ्याच कुणाच्या.

मी विचारलं. माइक हातात घेऊन, सगळ्या शाळेसमोर! मागच्या वर्षीची अक्षदा असती तर हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा तोंडावर ओढणी धरली असती. पण अर्ध्याच तासापूर्वी त्याच स्टेजवर माझं नाव पुकारलं होतं. जिल्ह्यातल्या शाळांची प्रवासवर्णन स्पर्धा, पहिलं बक्षीस अक्षदा खंडेराव शिंगाडे, इयत्ता दहावी. बक्षीस म्हणजे लिखाणाचं छोटं पुस्तक निघणार. परीक्षक रामप्रसाद सर. अशा वेळी माणसाच्या अंगात काय शिरतं ते सांगता येत नाही. मला वाटलं, आज मी कुणालाही काहीही विचारू शकते.

 आमच्या मुख्याध्यापक बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू बक्षीस परत घेता येतं का याचा त्या विचार करत होत्या. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"पहिल्या पुस्तकातल्या माझ्या आहेत," ते म्हणाले. "पुढच्या तिन्ही पुस्तकांतल्या माझ्या बायकोच्या. सरिताच्या. आम्ही बरोबर फिरायचो, बरोबर लिहायचो. नाव टाकू का, असं मी तिला विचारलं होतं. ती नको म्हणाली. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला ते सोयीचं होतं."

 मग सर माझ्याकडे बघून हसले.

"तूच ना ती 'पार्किंगमधून' वाली? मग मीही विचारतो. तुझ्या लिखाणात डाव्या पानावर गद्य आणि उजव्या पानावर कविता आहेत. त्या कुणाच्या?"

तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर माझी मैत्रीण आमरीन बसली होती. माझ्याकडेच बघत होती. भुवया जरा वर, जशी ती माझं पान वाचून संपवताना करते.

"माझ्याच, सर," मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. मी आमरीनकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. ती पण टाळ्या वाजवत होती. सगळ्यांच्या थांबल्या तरी तिच्या दोनचार जास्तच वाजल्या.

*

आता खरं काय ते सांगते.

आमरीनचे अब्बू, गयासचाचा, गाडी चालवतात. स्टेशनवरून किंवा हॉटेलातून पाहुणे उचलायचे, वेरूळ दाखवायचं, दौलताबाद दाखवायचं, संध्याकाळी परत आणून सोडायचं. पाहुणे कमी असले की मागची सीट रिकामी राहते. पाहुण्यांना विचारून चाचा आम्हाला तिथं बसवायचे. मागच्या उन्हाळ्यापासून आम्ही अशा सतरा फेऱ्या केल्या. पाहुणे लेणी बघायला आत जायचे आणि आम्ही बाहेर, गाडीजवळ. आमचं सगळं प्रवासवर्णन हे पार्किंगमधून बघितलेलं आहे. पेरू विकणाऱ्या वच्छलाबाई, गाइड लोकांची भांडणं, बूट हातात घेऊन चालणारे नवे नवरे, गाडीच्या सावलीत झोपलेली कुत्री. लेणी तर सगळेच लिहितात!

वही एकच होती. डावं पान माझं, गद्य. उजवं पान आमरीनचं, कविता. नियम तीन होते. पहिला, दुसरीनं लिहिताना पहिलीच्या पानातली एक तरी गोष्ट पुढं न्यायची. दुसरा, एकमेकींच्या पानातली एक ओळ खोडायचा हक्क, कारण विचारायचं नाही. तिसरा, पानावर नाव टाकायचं नाही. तिसरा नियम माझा होता. मला तो लई भारी वाटला होता तेव्हा.

वेरूळच्या पहिल्या फेरीत मी वच्छलाबाईंच्या टोपलीवर पानभर लिहिलं होतं. त्याच्या समोर आमरीननं चारच ओळी लिहिल्या.

गाडी थांबली की रस्ता थांबला
असं गाडीला वाटतं.
रस्ता तर पेरूच्या टोपलीखालून
कधीचाच पुढं गेलेला असतो.

मी त्या वाचल्या आणि माझं पानभर मला निबंधासारखं वाटायला लागलं. पण आमरीन म्हणाली, "टोपली तूच दिलीस ना? मला तर टोपली दिसलीच नव्हती."

स्पर्धेच्या अर्जात नावासाठी एकच रकाना होता. 'एका विद्यार्थ्याचे लेखन' असं वर ठळक छापलेलं. मी आमरीनला दाखवलं. ती म्हणाली, "टाक तुझं. कुठं येणारे आपला नंबर." बाबांनी सगळी वही टाइप करून दिली. बाबा कोर्टाजवळ एका वकिलांकडे टायपिंग करतात, दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं. त्यांना मी कविता कुणाच्या ते सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

म्हणजे खोटं बोलायला मी स्टेजपासून सुरुवात केली नव्हती. स्टेजवर ते फक्त मोठ्यानं ऐकू आलं.

*

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आमरीन माझ्या बाकावर बसली नाही. खिडकीजवळ सरकली, आणि सुट्टीत डबा घेऊन सरळ बाहेर गेली. सुकेशनी मला म्हणाली, "काय गं, तुझी सेक्रेटरी रुसली का?" मी हसले. स्वतःचं हसू मला इतकं घाण कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा एक कागद घेऊन आले. हात धुऊन, पुसून, मग तो कागद त्यांनी आईच्या शिलाई मशीनवर ठेवला. आईनं अर्धा ब्लाउज बाजूला केला.

"हमीपत्र आहे," बाबा म्हणाले. "सरांनी शाळेत ठेवलं होतं. उद्या सहा वाजेपर्यंत सही करून द्यायचं, मग छपाईला जाईल. सर उद्या सातच्या रेल्वेनं निघणारेत. कागद मी स्टेशनवर पोचवतो."

मी वाचलं. 'सदर लेखन सर्वस्वी माझे स्वतःचे असून त्यात अन्य कोणाचाही सहभाग नाही, असे मी लिहून देते.' खाली माझी सही, त्याखाली पालकाची.

"बाबा, कविता माझ्या नाहीत."

मशीनचं चाक आईनं हातानं थांबवलं.

"मग कुणाच्या?"

"आमरीनच्या. सगळ्या. म्हणजे एक सोडून."

बाबा खाली बसले. ते चिडत नाहीत, ते गप्प होतात, आणि ते जास्त वाईट असतं. त्यांच्या फोनच्या स्टेटसला कालपासून माझा फोटो होता, प्रमाणपत्रासकट. सिल्लोडकडच्या सगळ्या नातेवाइकांनी तो बघितला होता. गावाकडं मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या सांडूकाकांनीसुद्धा कुणाच्या तरी फोनवरून "शाबास पोरी" असं बोलून पाठवलं होतं.

"तुझ्या आजोबांचा अंगठा होता," बाबा शेवटी म्हणाले. "मला सही येते, पण माझी सही कुठं असते? दुसऱ्याच्या कागदावर, साक्षीदार म्हणून. आपल्या घरात पुस्तकावर नाव... पयल्यांदा येणारे, अक्षदा."

"माहितीये बाबा."

त्यांनी हमीपत्र पुन्हा वाचलं. टायपिस्ट लोक कागद वाचतात तसं, ओठ न हलवता.

"याच्यात मार्ग आहे. कविता काढून टाकू. उजवी पानं सगळी काढू. डावी तर तुझीच ना? मग हमीपत्रात खोटं काहीच राहत नाही. सरांना फोन करून मी विचारतो."

लगेच फोन केला, कविता कुणाच्या ते न सांगता. सर म्हणाले, गद्य एकट्यानंही उभं राहतं, अक्षदाची हरकत नसेल तर माझी नाही. मला आतून इतकं हलकं वाटलं की मी त्या हलकेपणालाच घाबरले. आईनं दोरा दातानं तोडला.

"आमरीनला विचारलं का?" ती म्हणाली.

"उद्या विचारते."

"आधी विचार, मग सही," आई म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू केली.

*

शनिवारी शाळा लवकर सुटली. आमरीनचं घर रोशन गेटच्या मागं आहे. गयासचाचा दारात गाडीचं बॉनेट उघडून वाकलेले होते. मला बघून म्हणाले, "आओ राइटर! तुमारी दोस्त दो दिन से मुँह फुला के बैठी है. क्या करे तुम लोगां?"

मी आत गेले. आमरीन पलंगावर बसली होती. वही तिच्याचकडं होती, या महिन्याची पाळी तिची. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. हमीपत्र, सहा वाजेपर्यंत, उजवी पानं काढायची, डावी ठेवायची.

"काढ," ती म्हणाली.

"खरंच?"

"माझं मला दे, तुझं तुला घे. पण मी बघणार. अंदाजानं नक्को. पेन आण."

तिनं दोन पेनं घेतली, हिरवं आणि लाल. हिरवं तिचं, लाल माझं. ज्याचं जे असेल त्याखाली रेघ मारायची. उजवी पानं पटापट हिरवी झाली. मग ती डाव्या पानांवर आली. मी म्हटलं, "इथं काय? हे तर माझंच."

"थांब ना. वच्छलाबाईंचं पान. शेवटची ओळ वाच."

मी वाचली. 'बाईंनी पेरू पुसला आणि मला न विचारताच कापला.'

"माझीच आहे."

"तुझीच. पण याच्यापुढं तू सहा ओळी लिहिल्या होत्यास, गरिबी, माणुसकी, ते सगळं. मी एकच ओळ खोडू शकत होते. मी कुठली खोडली?"

मला आठवलं. तिनं पहिली खोडली होती. आणि ती खोडल्यावर उरलेल्या पाच लटकायला लागल्या म्हणून मीच काढून टाकल्या होत्या. स्पर्धेच्या पत्रात सरांनी लिहिलं होतं, 'लेखिकेला थांबावं कुठं हे कळतं.'

"याला कुठला रंग?" आमरीननं विचारलं.

मी पेन फिरवत राहिले. घड्याळात साडेतीन झाले होते.

पुढच्या पानांवर हेच. ही उपमा माझी, पण तिच्या आधीच्या कवितेतून उचललेली. ही म्हातारी तिनं बघितली, वर्णन मी केलं. एका पानावर लाल आणि हिरवी रेघ एकावर एक आली आणि खाली मातकट रंग झाला. आम्ही नुसत्या रेघा मारत होतो, आणि प्रत्येक रेघ आधीच्यापेक्षा जोरात पडत होती.

मग दौलताबाद आलं. त्या दिवशी माझा अंगठा गाडीच्या दारात सापडला होता आणि काळानिळा झाला होता. म्हणून मी बोलत गेले आणि दोन्ही पानं आमरीननं लिहिली. उजव्या पानावरची ती एकुलती एक माझी कविता. आणि डाव्या पानावर ती ओळ, जी सरांनी स्टेजवरून वाचून दाखवली होती. 'किल्ल्याच्या अंधारीत दगडाला पण घाम येतो, फक्त तो कुणी पुसत नाही.' त्या एकाच दिवशी आम्ही पाहुण्यांबरोबर आत, अंधारी म्हणतात त्या काळोख्या बोगद्यात गेलो होतो, कारण त्यांचं बाळ कडेवर घ्यायला कुणीतरी हवं होतं.

मी लाल पेन खाली टेकवलं. तिनं माझं मनगट धरलं.

"ही माझीये."

"काहीही! मी सांगितलं, तू लिहिलंस."

"तू सांगितलंस की भिंत ओली होती. घाम मी म्हटलं."

"आमरीन, मला आठवतंय. मी अशी उभी होते, भिंतीला हात लावून..."

"आणि मी काय झोपले होते? हात मी लावला. तुझा तर अंगठा ठणकत होता!"

"म्हणजे मी चोर आहे?"

"मी म्हटलं नाय. तू माइकवर म्हटलीस."

हे ऐकून माझ्या हातातलं पेन पलंगावर पडलं, लाल डाग पडला चादरीवर. दोघींपैकी कुणीच तो पुसला नाही. बाहेरून बॉनेट बंद केल्याचा आवाज आला आणि चाचा हात पुसत दारात उभे राहिले.

"वो पत्थर के पसीने का झगडा चल रहा क्या? वो तो मैं बोला था. तुम दोनों बाहर आ के बोले, अंदर सब गीला गीला है. मैं बोला, इत्ता बड्डा किल्ला ढो रहा बिचारा, पत्थर को भी पसीना आता. भूल गए?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मला एकदम हसू फुटलं. आमरीनलाही फुटलं, पण तिनं ते मधेच गिळलं आणि वही मिटली.

"अब्बू, तुम जाओ ना बाहर."

ते गेले. आमरीननं वही छातीशी धरली.

"मी टाळ्या का वाजवल्या माहितीये? नसत्या वाजवल्या तर सुकेशनीनं बघितलं असतं. सगळ्यांना कळलं असतं. मी तुला वाचवत होते, आणि तू मला बघून मान फिरवलीस."

"तूच म्हणाली होतीस, टाक तुझं नाव."

"हौ. एकदा म्हटलं. तेव्हा नंबर कुठं आला होता? आल्यावर तू परत विचारलंस? मला पाहिजे ना माझं नाव. मला का नको असेल? माझी अम्मी उर्दूत वाचते, मराठी नाय येत तिला. तरी ती बोट ठेवून विचारेल, यात तुझं कुठंय. मी काय दाखवू? कोरं उजवं पान?"

 कुणालाही काहीही विचारू शकणाऱ्या मी तिला एवढं मात्र परत विचारलं नव्हतं.

"त्या सरांसारखं नक्को करू," ती म्हणाली. "केस पांढरे झाल्यावर माइकवर खरं बोलायचं आणि लोकांनी म्हणायचं वा वा. ती बाई काय करत असेल तेव्हा घरात?"

"मग मी काय करू?"

"ते मला नक्को विचारू. सही तुझी आहे." तिनं वही माझ्या हातात दिली. "ही घेऊन जा. सोमवारी मी कुठल्या बाकावर बसते ते सोमवारी बघू."

*

घरी पोचले तेव्हा सव्वापाच झाले होते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते, गाडीची किल्ली हातात. हमीपत्र प्लास्टिकच्या फाइलमध्ये होतं. पालकाच्या जागी त्यांनी सही करूनही टाकली होती. नेहमीची घाईची नाही, सावकाश, पूर्ण नाव लिहून केलेली. 

"काय म्हणाली?" आईनं विचारलं.

"काढ म्हणाली."

"मग झालं तर!" बाबांनी पेन पुढं केलं. "चल, पाऊण तास राहिलाय. ट्रॅफिक असतं."

मी पेन घेतलं नाही. वही उघडून फाइलवर ठेवली. लाल, हिरव्या, मातकट रेघांनी भरलेलं दौलताबादचं पान. बाबा वाकून बघायला लागले.

"हे काय केलं? खराब केली वही."

"बाबा, यातलं माझं तेवढं काढून दाखवा. तुम्ही दिवसभर कागद वाचता. सांगा, कुठली ओळ सर्वस्वी माझी?"

त्यांनी चष्मा घातला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. वच्छलाबाईंच्या पानावर थांबले. आई मशीनवरून उठून त्यांच्या खांद्यामागं उभी राहिली. घड्याळाचा काटा मला ऐकू येत होता.

"पण एका लेकराचं लेखन असंच पाहिजे म्हणतेत ना ते," बाबा हळू म्हणाले. "दोन नावं सांगितली तर बक्षीसच काढून घेतील. पुस्तकच निघणार नाही. त्याचा विचार केलास का? सांडूला मी काय सांगू?"

"केला. बसमध्ये तोच करत आले."

"आणि सगळ्या शाळेसमोर तू माझ्याच आहेत म्हणालीस. आता उलटं बोलायचं म्हणजे..."

"म्हणजे खोटं बोलले असं म्हणायचं. शाळेसमोरच."

बाबांनी आईकडे बघितलं. आईनं त्यांच्या हातातली किल्ली घेतली आणि माझ्याकडे बघितलं, म्हणजे बोल आता.

लई घाबरले होते मी. सुकेशनीच्या पैजेत निदान नकाशेच भरायचे होते. इथं बाबांची ती सावकाश केलेली सही होती. तरी मी माइकसमोर उभी राहिले होते तशीच उभी राहिले, पाय जरा फाकवून.

"आई, बाबा, ऐका. मी या कागदावर सही करणार नाही. आत्ता तुमच्याबरोबर गाडीवर येणारे, आणि सर रेल्वेत बसायच्या आधी त्यांना मीच सांगणारे की मी खोटं बोलले. पुस्तक निघालं तर दोन नावांनी निघेल, आमरीन आणि अक्षदा, तिचं आधी. आणि नाही निघालं तर नाही. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मी बाईंकडून माइक मागणारे. सांडूकाकांना पण मीच फोन करीन, तुम्ही नका करू."